सारजामायची बशी

काल म्युनिसिपालटीचा नवा ओव्हरसियर घरी आला होता. माणूस चांगला आहे, नम्र आहे. चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग पिशवीतून लाल पुठ्ठ्याची एक जाडजूड वही काढून माझ्या पुढ्यात ठेवली. कडेला वाळवी लागलेली. मी चष्मा न लावताच ओळखली.

"काका, हे अक्षर तुमचंच ना?"

माझंच. दर सोमवारची एक ओळ. पानामागून पान, वर्षामागून वर्ष, एकच ओळ: 'तळ्याची पाळ सुस्थितीत आहे.'

"मग झालं तर!" तो खूश होऊन म्हणाला. "तळ्याखालच्या पडीत जागेवर नवी वस्ती बसवायचं ठरतंय. स्वराज्य आलं, लोकांना घरं नकोत का? कमिटीला फक्त एवढंच विचारायचं होतं, की पाळ भक्कम आहे ना. तुमची वही सांगतेय की आहे. तुम्ही एकदा तोंडानं सांगा, म्हणजे आखणीला लागतो."

मी म्हटलं, दोन दिवस द्या. त्याला वाटलं, म्हातारबुवांना आठवायला वेळ लागत असेल. अहो, आठवायला कशाला दोन दिवस! मला त्या पाळीवरचा गवताचा पट्टासुद्धा आठवतो. अडचण आठवण्याची नव्हती. त्याला काही सांगायचं तर आधी सारजामाय सांगावी लागेल, आणि सारजामाय सांगायची तर मला माझंही तोंड उघडावं लागेल. गेली कित्येक वर्षं मी ते फक्त जेवायला उघडत आलोय.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वाशीम आणि रिसोडच्या दरम्यानचं, छोटंसं, पण म्युनिसिपालटी असल्याचा तोरा मिरवणारं गाव, एवढं पुरे. गावाच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेलं तळं, आणि पाळीच्या पायथ्याशी आमचं खालचं पुरं. पुऱ्यातली माणसं सकाळी अंगणात उभी राहून वर बघायची, तेव्हा त्यांना आभाळाच्या आधी पाळ दिसायची. पाळीच्या पलीकडे पाणी त्यांच्या छपरांच्या वर उभं असायचं. हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. रोज दिसणाऱ्या गोष्टीबद्दल कोण बोलतं?

सारजामाय त्या पाळीची राखणदारीण. खरं म्हणजे राखणदार तिचा नवरा गोमाजी. तो पान लागून, म्हणजे साप चावून मेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वेळेला, त्याचीच काठी घेऊन सारजामाय पाळीवर हजर. बाईमाणसाला राखणदार नेमायचा नियम नव्हता, आणि तिला काढून टाकायची कुणाची हिंमत नव्हती. तेव्हा कमिटीनं एक सोयीचा मार्ग काढला: हजेरीपटावर गोमाजीचं नाव तसंच ठेवलं. मी कारकून म्हणून लागलो तेव्हा गोमाजीला मरून चार वर्षं झाली होती आणि तो रोज हजर होता.

बाई ठेंगणी, काळीसावळी, मान मात्र ताठ आणि जाड. लहानपणापासून डोक्यावर मातीचं टोपलं वाहणाऱ्या बेलदाराच्या लेकीची मान. पायांत कधी वहाण नाही. "वहान घातली का टाच मुकी होते," म्हणायची. पाळीच्या पायथ्यानं ती अनवाणी चालायची, अगदी हळू, भांड्यात हात घालून मीठ चाचपावं तशी पाय चाचपत. कुठं ओल वाढली, कुठं माती भुसभुशीत झाली, हे तिला आधी टाचेत कळायचं.

आणि तिची ती बशी. पांढरी, चिनी मातीची, कड उडालेली. कुण्या जुन्या गोऱ्या साहेबानं कॅम्प हलवताना टाकून दिलेली. मातीच्या पाळीतून थोडं पाणी पाझरतंच. खालच्या बाजूला दोनतीन ठिकाणी असे बारीक पाझर होते. दर सोमवारी सकाळी सारजामाय प्रत्येक पाझराचं पाणी बशीत धरायची, बशी दगडावर ठेवायची आणि समोर उकिडवी बसायची. पाण्यात काही असेल तर ते खाली बसेपर्यंत ती हलायची नाही, बोलायची नाही. मी एकदा मध्येच काही विचारलं, तर नुसता हात वर केला. पोथी चालू असताना करतात तसा. मग वाकून बशीचा तळ बघायची.

तिथून ती सरळ कचेरीत. दाराशी उभी राहून, आत न येता, मला हुकूम सोडायची.

"बाबू, लिवा. निवय हाये."

निवय म्हणजे निवळ. तिच्या जिभेवर ळ टिकत नसे, त्याचा य होई. निवळ पाणी आलं तर पाळ ठीक आहे. गढूळ आलं, तर पाळीच्या पोटातली माती पाण्याबरोबर बाहेर निघते आहे, आणि मग माणसांनी बाहेर निघावं. सगळं शास्त्र एवढंच. मी मान डोलावून वहीत 'सुस्थितीत' लिहायचो. तिला वाचता येत नव्हतं, पण दौतीत टाक बुडलेला बघितल्याशिवाय ती दारातून हटत नसे. "लिवलं काय?" विचारायची. "लिवलं," म्हटलं की "बरं" म्हणून जायची. मला तेव्हा गंमत वाटायची. कचेरीतले आम्ही सगळे तिच्या मागे "लिवा, बाबू, लिवा" अशी तिची नक्कल करायचो. मी जास्त चांगली करायचो.

तिचे कायदेही होते. पाळीवर झाड नको; बाभळीचं रोप बोटभर वर आलं की मुळासकट उपटणार. घुशीचं बीळ दिसलं की उकरून, माती भरून, वर नाचून ते बुजवणार. आणि पाळीवर नारळ फोडायचा नाही. फोडायचा नाही, वाढवायचाही नाही; त्या जागेवर काही फुटल्याचा आवाजच नको. नवसाची माणसं आली की ही काठी आडवी धरून उभी. "तिकडं फोडा, पुलापाशी. अथी नोको." एकदा एक नवी नवरी बिचारी घागर घेऊन पाय घसरून पडली, घागरीचे तुकडे झाले, आणि सारजामायनं तिला उठवायच्या आधी दोन्ही कानांवर हात ठेवले.

गुरं तर तिची वैरीच. कमिटीचे एक मेंबर होते, गावातले बडे मालगुजार म्हणून मिरवणारे. त्यांच्या म्हशी पाळीवरचं हिरवं गवत बघून रोज चढायच्या. सारजामायनं दोनदा गड्याला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी तिन्ही म्हशी हाकलत नेऊन कोंडवाड्यात घातल्या. मेंबर लालबुंद होऊन कचेरीत आले. ही दारात उभी.

"माझ्या म्हशी कोंडतेस? माहीत आहे का मी कोण आहे?"

"माईत हाये ना सायेब. पन तुमच्या म्हशीले कोठी माईत हाये?" ती शांतपणे म्हणाली. "ढोराचा पाय लागला का गवत मरते. गवत मेलं का माती उघडी पडते. अन् मंग पान्याले काई सांगा लागत नाई."

आम्ही सगळे वहीत डोकं खुपसून हसलो. मेंबर म्हशी सोडवून घेऊन गेले. पण ते विसरले नाहीत. अशी माणसं विसरत नसतात.

एवढा जीव का, हे मला एका उन्हाळ्यात कळलं. पायथ्याच्या दगडांची मोजणी करायला मी गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. मी सावलीसाठी खोलगट जागा बघून टेकलो, तर तिनं मला तिथून उठवलं.

"अथी नोका बसू, बाबू."

"का? काय आहे इथं?"

 ती माझ्यापासून दोन हात दूर बसली आणि काठीनं जमिनीवर रेघा ओढत बोलायला लागली. नवी नवरी होऊन ती आली तीच या पाळीच्या कामावर. दुष्काळी काम. रिठदच्या वाटेवर पिवळ्या चिकणमातीची खाण होती. पाळीच्या पोटात ती माती भरायची, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पिवळी धरून ठेवते. गाढवांवरून माती यायची, थरावर थर पडायचा, पाणी शिंपडायचं आणि बायामाणसं ओळीनं एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून तो थर तुडवायच्या. टाच रुतायची बंद होईपर्यंत तुडवायचा. मग पुढचा थर.

"सारा बांध आमी पायानं शिवला, बाबू. पन ह्या जागी पह्यले नाला वाहायचा. नाल्याचं काम शेवटी ठेवलं. अन् आभाय भरून आलं. ठेकेदार म्हने, टाका, टाका, पानी आलं का सारं वाहून जाईन. मंग ढेकयं तशीच टाकली. कोरडी. ना पानी मारलं, ना पाय देला. वरून काई माती लोटली अन् झालं." ती थांबली. "थे टोपले म्याच टाकले. ह्या हातानं."

"मग तेव्हाच कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगतलं ना. गोमाजीनं सांगतलं. ठेकेदारानं त्याले राखनदार केलं."

हे ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. मी उठून माझी मोजणी घाईघाईत उरकली. त्या दिवसापासून पायथ्यानं जाताना त्या नाल्याच्या जागेवरून चालायचं मी टाळत असे, आणि वहीत मात्र तीच ओळ लिहीत असे.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. तळ्याचा तळ उघडा पडला. बायका खालच्या चिखलात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. कोरडी पाळ उन्हात तडकत राहिली, आणि सारजामाय भेगांमधून माती भरत राहिली. तिसऱ्या वर्षी पाऊस आला तो असा, की पोळ्यापर्यंत तळं काठोकाठ. लोक संध्याकाळी पाणी बघायला पाळीवर जमायचे. एकटी सारजामाय पाण्याकडे पाठ करून पायथ्याकडे बघत बसायची.

घटस्थापनेला पाचसहा दिवस राहिले असतील. नाल्याच्या जागी, नेमक्या त्याच जागी, जमिनीतून झरा उसळला. मनगटाएवढा. स्वच्छ, गार, निवळ पाणी.

गाव वेडं झालं. अहो, दोन वर्षं तहानेनं तडफडलेलं गाव ते! आमच्याकडे पाण्याच्या काठी साती आसरा असतात, सात बहिणी, शेंदूर लावलेले सात दगड. लोक म्हणाले, आसरा पावल्या, पायाखाली गंगा आली. त्याच संध्याकाळी तिथं सात दगड बसले. कमिटीचे प्रेसिडेंटसाहेब स्वतः आले, अनवाणी आले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. तहानेच्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःची विहीर सगळ्या जातींना उघडी केली होती आणि त्यापायी भाऊबंदांची बोलणी खाल्ली होती. झऱ्याचं पाणी ओंजळीत घेताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिथंच जाहीर केलं: इथं पक्कं कुंड बांधायचं, चुन्यात, गोमुखासकट.

सारजामाय बशी घेऊन गर्दीतून पुढं आली.

"सायेब, बांधा काई पन त्याचं तोंड नोका बुजू. वरून बारीक वायू टाका, त्याच्यावर गोटे टाका. पानी येऊ द्या, माती नोको येऊ. चुना लावसान तं थे दुसरीकून निंगन."

"सारजाबाई, देवीच्या तोंडात वाळू-गोटे भरायचे?" साहेब दुखावून म्हणाले.

आणि म्हशीवाले मेंबर मागून बोलले, "बेलदाराच्या बाईनं देवीला बांधकाम शिकवायचं!"

लोक हसले. कुंड चार दिवसांत उभं राहिलं. नवरात्रभर तिथं जत्रा. रिसोडपासून माणसं बैलगाड्या जुंपून येत होती. सकाळ-संध्याकाळ आरती, ओट्यांचे ढीग, आणि नारळ. शेकड्यांनी नारळ, पाळीच्या अगदी बुडाशी. ठाक, ठाक, ठाक. सारजामाय लांब पुलापाशी जाऊन बसायची. मी जाता-येता बघायचो. प्रत्येक नारळाला तिच्या खांद्याला झटका बसायचा.

नवव्या माळेला कुंडाच्या शेजारी, चुन्याच्या कडेला लागून, आणखी एक धार फुटली. आणि दुपारपर्यंत ती धार पिवळी झाली.

मी तिथंच होतो. सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले. कुणीतरी ओरडलं, "हळद! आसरानं हळद उतरवली!" मग काय विचारता! त्या पिवळ्या पाण्याची बोटं बायका एकमेकींच्या कपाळाला लावू लागल्या, लेकरांच्या गालांना लावू लागल्या. माझ्या बायकोनंही लावलं. वाजंत्री सुरू झाली.

सारजामाय कधी आली कळलं नाही. तिनं धारेखाली बशी धरली. दगडावर ठेवली. त्या सगळ्या कल्लोळात ती उकिडवी बसली आणि वाट बघू लागली. बशीच्या पांढऱ्या तळाशी पिवळा थर बसला, नखाएवढा जाड. तिनं त्यात बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माहेरचं माणूस मेल्याचा निरोप यावा तसा तो चेहरा झाला.

"हे हयद नोय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "हे आमची माती हाये. रिठदच्या खानीची. मायबाप हो, बांधाचं पोट निंगून राह्यलं! पोरंबाळं घेऊन वर जा. उठा!"

कुणी उठलं नाही. एका म्हातारीनं तिच्या कपाळाला हळद लावायला हात पुढं केला. सारजामायनं तो हात झिडकारला, आणि मग लोकांनी तिला धरून बाजूला केलं.

ती धापा टाकत कचेरीत आली. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या टेबलाला धरून उभी राहिली.

"लिवा, बाबू. गढूय हाये."

मी टाक उचलला. खरंच उचलला. पण तिच्या मागोमाग प्रेसिडेंटसाहेब आत आले होते. ती त्यांच्या पायांशी वाकली. "सायेब, मोरी उघडा. तलाव उतरू द्या. अर्धा तरी उतरू द्या."

मोरी म्हणजे तळ्यातलं पाणी नाल्यात सोडायची दगडी वाट. तिच्या तोंडात सागवानी दट्ट्या बसवलेला, त्याला वरपर्यंत साखळी.

 साहेब म्हणाले, "बाई, दोन वर्षं मी लोकांना चिखल पिताना पाहिलंय. आज देवानं भरभरून दिलंय ते मी हातानं नाल्यात सोडू? तुझ्या बशीसाठी?" आणि माझ्याकडे वळून, "लिहा: सुस्थितीत."

मी लिहिलं. तिनं टाक दौतीत बुडताना बघितला. तिला वाटलं, मी तिचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दिवस कलायला लागला तसं सगळं गाव सोनं लुटायला पूर्वेच्या वेशीबाहेर गेलं, वाजतगाजत, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. तळं पश्चिमेला. खालचं पुरं रिकामं, पाळ रिकामी. हे वर्षातून एकदाच घडतं आणि सारजामायला ते ठाऊक होतं.

आम्ही आपट्याची पानं घेऊन, एकमेकांना भेटत परत येत होतो. अजून उजेड होता. पुलापाशी पुढची माणसं एकदम थांबली. कोरडा नाला दोन्ही काठ भरून धावत होता. वर पाळीवर सारजामाय उभी होती, तिची दोन गाढवं तिच्याजवळ, आणि गाढवांच्या गळ्यांना जुंपलेल्या दोराच्या टोकाला ती साखळी, नि साखळीला ओला सागवानी दट्ट्या. तिनं तो उपसून बाहेर काढला होता. वाहत्या पाण्यात तो परत बसवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. चार दिवस पाणी वाहत होतं. चार दिवस गाव काठावर उभं राहून आपलं वर्षभराचं पाणी जाताना बघत होतं.

पाळ फुटली नाही. हेच तर झालं ना! फुटली असती तर सारजामाय खरी ठरली असती. फुटली नाही म्हणून ती पाणीचोर ठरली.

कुणी तिला मारलं नाही. पण विहिरीवर ती आली की बायका दोर वर ओढून घ्यायच्या. ज्यांच्या लेकरांचे जीव तिच्या टाचेवर तगले होते, त्या खालच्या पुऱ्यातल्याच बायका. "आमच्या तोंडचं पाणी पळवलं सटवीनं," म्हणायच्या. हजेरीपटावरून गोमाजीचं नाव कमी झालं. इतक्या वर्षांनी तो अखेर मेला. तो शेराही माझ्याच अक्षरात आहे.

फाल्गुनात मी गवंड्याला घेऊन कुंडावर गेलो. झरा केव्हाच आटला होता आणि साहेबांना गोमुख नीट करून हवं होतं. गवंड्यानं मागचा एक दगड पहारीनं सैल केला, तो आत पडला. आत पडला, आणि पडल्याचा आवाज जरा उशिरानं आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी जवळची लांब काठी आत घातली. ती सगळी गेली. मग गवंड्यानं पुऱ्यातून बांबू आणला. तोही गेला, माझा हात खांद्यापर्यंत आत गेला, तरी टोकाला काही लागेना. भोकातून गार वारा येत होता, ओल्या मातीच्या वासाचा. हात बाहेर काढला तर कोपरापर्यंत पिवळा.

आणखी एक आठवडा तळं भरलेलं राहिलं असतं तर काय झालं असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी वळून बघितलं. खालच्या पुऱ्यात बायका दारांत धान्य पाखडत होत्या. कुणीतरी पाळणा हलवत होतं.

मी तसाच पिवळा हात घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी हाताकडे बघितलं आणि उठून दार लावून घेतलं. म्हणाले, "दगडचुन्यानं तोंड बुजवून टाका. वर फरशी बसवा. वहीत नको. लोकांनी पाणी गेलं म्हणून त्या बाईचे हाल केले, आता हे कळलं तर माझे करतील." मग अगदी हळू म्हणाले, "आणि तुमचेही. ओळ तुमच्या अक्षरात आहे."

तोंड बुजवलं. आतली पोकळी तशीच आहे. नंतरच्या वर्षांत पाऊस बेताचाच झाला, तळं पुन्हा कधी काठोकाठ भरलं नाही, म्हणून आम्ही सगळे आहोत. मी दर सोमवारी तीच ओळ लिहीत राहिलो. भ्यालो होतो. याला दुसरा शब्द नाही, आणि असला तरी मला तो वापरायचा नाही.

उद्या ओव्हरसियर येईल. हे कागद मी त्याच्या हातात देणार आहे आणि त्याला कुंडापाशी नेऊन, फरशी कुठली उचलायची ते काठीनं दाखवणार आहे. आखणीची दोरी त्यानं त्यानंतर काढावी. वहीतली माझी प्रत्येक ओळ खोटी आहे असं नाही, पण कुठली खरी ते आता मलाही सांगता येणार नाही.

सारजामायला मी शेवटची बघितली ती त्याच फाल्गुनात, होळीच्या आदल्या सकाळी. ती लेकीकडे धनजला निघाली होती, कायमची. दोन गाढवांवर सगळा संसार: एक चूल, दोन गोधड्या, गोमाजीची काठी. पुलापाशी मी समोरून आलो. चुकवायला दुसरी वाट नव्हती.

गवंड्यानं तिला सांगितलं असावं. ती थांबली.

"बाबू, भोक सापडलं म्हनते."

"हो."

"केवढं?"

"बांबू गेला. सगळा."

तिनं डोळे मिटले. आनंद नव्हता त्यात, आपलं खरं ठरल्याचा तर अजिबात नव्हता. मग तिनं डोळे उघडून मला नेहमीचंच विचारलं.

"लिवलं काय?"

"लिवलं," मी म्हणालो.

तिनं लगेच "बरं" म्हटलं नाही. रस्त्याच्या कडेला, गाढवांचे दोर हातात धरून, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हलली नाही, बोलली नाही. मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिनं नुसता हात वर केला. माझ्या चेहऱ्यावरचं सगळं खाली बसेपर्यंत ती थांबली. मग जरा वाकून बघावं तसं बघितलं.

"गढूय हाये, बाबू," ती म्हणाली, आणि गाढवं हाकत पूल ओलांडून निघून गेली.